परतीची वाट

कांहीं शब्द असे असतात कीं, ते कानीं पडले म्हणजे आमच्या कपाळास आपोआप आठी पडते. 'फीडबॅक' हा त्यांपैकीं एक. महाविद्यालयांत वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून एक छापील पत्रक भरून घेण्याची चाल आतां बहुतेक ठिकाणीं पडली आहे. प्राध्यापक वेळेवर येतात काय, त्यांचा आवाज शेवटच्या बांकापर्यंत पोंचतो काय, विषय समजावून देण्याची त्यांची हातोटी कशी आहे, अशा प्रश्नांपुढें एक ते पांच यांपैकीं एका आंकड्यावर खूण करावयाची असते. पत्रकें गोळा होतात, संगणक त्यांची सरासरी काढतो, आणि उन्हाळ्याच्या सुटींत कधीं तरी आम्हांस एक कागद मिळतो. त्यावर 'चार पूर्णांक एक' असें कांहीं तरी लिहिलेलें असतें. ज्या मुलांनीं हा आंकडा दिला तीं तोंवर परीक्षा देऊन निघून गेलेलीं असतात. हा कागद आम्ही वर्षानुवर्षें कपाटाच्या खालच्या खणांत ठेवीत आलों. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या प्रकारास 'प्रत्याभरण' असें भारदस्त नांव आहे. परंतु नांव भारदस्त असल्यानें कागदाचा उपयोग वाढला, असा आमचा अनुभव नाहीं.

हा शब्द आम्हांस नव्यानें शिकावा लागला तो मंगळवेढ्यास, आणि तोही वयाची पन्नाशी उलटल्यावर. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

मंगळवेढ्यास आमचें वडिलोपार्जित घर आहे आणि गांवापासून कोसभर अंतरावर थोडीशी काळी जमीन आहे. नोकरीच्या पायीं आमचें आयुष्य बाहेरगांवीं गेलें. तथापि पौषांत ज्वारी हुरड्यास आली म्हणजे दोन दिवस गांवीं जाण्याचा नेम आम्ही सहसा चुकवीत नाहीं. येथील ज्वारीचें कौतुक आम्हीं करणें म्हणजे आईचें कौतुक मुलानें करण्यासारखें आहे. २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां तें काम आतां इतरांनींच केलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका हुरड्यास आमचा भाचा पुण्याहून आला होता. हा मुलगा सॉफ्टवेअरच्या एका कंपनींत आहे. घर बांधण्यापूर्वीं जसा वास्तुशिल्पी नकाशा काढतो, तसा संगणकाच्या मोठ्या प्रणालीचा नकाशा काढणें हें त्याचें काम. आगटीभोंवतीं बसलेली इतर मंडळी कणसें भाजून चोळीत होती. हा मात्र मांडीवर कागद घेऊन रेघोट्या ओढीत होता.

विचारतां कळलें तें असें. आठ दिवसांपूर्वीं त्याची प्रणाली भर सकाळीं कोलमडली होती. हजारों लोक आपल्या मोबाईलवरून तिच्याकडे माहिती मागत असत. कांहीं कारणानें ती दहा मिनिटें बंद पडली. मूळचा बिघाड दुरुस्त झाला, तरी ती उभी राहीना. उठे आणि पडे, उठे आणि पडे, असें दुपारपर्यंत चाललें. त्या वेळीं कामावर असलेल्या एका नवख्या मुलानें वेळेवर जादा यंत्रें लाविलीं नाहींत, असा ठपका त्याच्यावर येऊं घातला होता. आमच्या भाच्याचें मन त्याची ग्वाही देत नव्हतें. दोष त्या मुलाचा कीं नकाशाचा, हें त्यास ठरवावयाचें होतें.

"मामा, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवतां. यांत चूक दिसते का पाहा," म्हणून त्यानें कागद आमच्या हातीं दिला.

आम्हांस त्यांतलें काय कळणार? कागदावर चौकटी होत्या आणि चौकटींना जोडणारे बाण होते. एका चौकटींत ग्राहक, दुसरींत द्वारपाल, तिसरींत काम करणारीं यंत्रें, चौथींत माहितीचें कोठार. बाण सगळे डावीकडून उजवीकडे जात होते. आम्हीं सहज विचारलें, "यांतला एकही बाण मागें कां येत नाहीं रे?"

भाचा हंसला, पण लगेच गंभीर झाला. "येतात ना, पण ते कोणी काढीत नाहीं. कोणता भाग कोणत्या भागाला हांक मारतो, एवढेंच आम्ही काढतों."

येथें वाचकांस थोडें थांबवून एक साधी गोष्ट सांगणें अवश्य आहे. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तींत एक तरंगता फुगा सोडलेला आहे. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलें कीं मोटार सुरू होते, वरच्या खुणेपर्यंत चढलें कीं बंद होते. एवढ्याशा योजनेंत चार गोष्टी आल्या आहेत: पाणी किती असावें याची एक इच्छा, तें किती आहे याचें मोजमाप, या दोहोंमधील फरक, आणि तो फरक ज्यानें कमी होईल अशी कृति. कृतीचा परिणाम पुन्हां मोजमापावर होतो आणि वर्तुळ पुरें होतें. खुणा दोन आहेत यांतही शहाणपण आहे. एकच असती, तर प्रत्येक तांब्यागणिक मोटार सुरू होऊन बंद झाली असती आणि महिन्याभरांत जळाली असती.

ही युक्ति नवी नाहीं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनें घटिकायंत्रांतील पाण्याची धार एकसारखी राखण्यासाठीं असाच तरंगता तुकडा योजिला होता. १७८८ सालीं जेम्स वॅटनें वाफेच्या यंत्रावर फिरते गोळे बसविले. यंत्राचा वेग वाढला कीं गोळे दूर फांकत आणि वाफेची झडप आपोआप मिटूं लागे. या गोळ्यांचें गणित १८६८ सालीं मॅक्सवेलनें मांडलें. कांहीं यंत्रें स्थिर होतात, आणि कांहीं डगमगतां डगमगतां अधिकच डगमगूं लागतात, तें कां, हा त्याचा प्रश्न होता. पुढें १९४८ सालीं नॉर्बर्ट वीनरनें या सर्व विद्येस सुकाणू धरणाऱ्या नावाड्यावरून नांव दिलें. हा सर्व इतिहास आम्हीं वर्गांत सुमारें तीस वर्षें सांगितला आहे. वॅटच्या गोळ्यांची आकृति तर आम्ही डोळे मिटून फळ्यावर काढूं शकतों. या फुशारकीचें पुढें काय झालें, तें लौकरच येईल.

भाचा म्हणाला, सॉफ्टवेअरमध्यें ही वर्तुळें पावलोपावलीं असतात; मागणी वाढली कीं यंत्रें वाढवावयाचीं, घटली कीं कमी करावयाचीं, हें काम हल्लीं प्रणाली स्वतःच करते. परंतु नकाशांत तीं दिसत नाहींत. मेरी शॉ या अमेरिकन विदुषीनें १९९५ सालीं हाच मुद्दा एका निबंधांत मांडला. तिनें उदाहरण घेतलें तें मोटारगाडीचा वेग आपोआप एकसारखा राखणाऱ्या यंत्रणेचें. या यंत्रणेचा नकाशा अनेकांनीं सुट्या भागांची यादी करून काढला होता. हा ब्रेक, हें चाक, हें घड्याळ. शॉ म्हणाली, हा प्रश्न मुळांत नियंत्रणाच्या वर्तुळाचा आहे. तेव्हां आधीं वर्तुळ काढा. तें काढलें कीं यादी करणाऱ्यांस न सुचलेला प्रश्न तत्काळ पुढें येतो: गाडीचा वेग तुम्ही मोजतां कशावरून? चाकाच्या फेऱ्यांवरून. मग चाक जागच्या जागीं फिरूं लागलें तर?

हा प्रश्न मंगळवेढ्याच्या माणसास समजावून सांगावा लागत नाहीं. आमच्या काळ्या रानांत पावसाळ्यांत गाडी रुतली म्हणजे चाक गरगरा फिरतें, चिखल उडतो आणि गाडी तसूभर हालत नाहीं. चाकाच्या फेऱ्या मोजणारें यंत्र त्या वेळीं खुशाल सांगेल कीं, वेग अगदीं ठरल्याप्रमाणें आहे. मोजलें तें चाक. पाहिजे होती ती वाट.

आमचें हें बोलणें चाललें असतां आगटीच्या पलीकडे एक म्हातारी कणसें चोळीत बसली होती. आमच्या आईच्या वेळेपासून ती आमच्या शेतांत येत असे. आमच्याकडे रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात. जन्मभर तीं धाटें उपटून तिच्या बोटांच्या रेघा झिजून गेल्या आहेत. भाच्याच्या तोंडून 'यंत्र' हा शब्द तिनें ऐकला असावा. ती म्हणाली, "माजं बी एक गाऱ्हाणं लिव्हा की त्या कागदावर. रेशनचं मशीन मला वळखत न्हाई. तीनदा अंगठा लावला. म्हनतंय, ही तू न्हवंच."

भाच्यानें कागद खालीं ठेविला. त्यानें तिला बारीकसारीक विचारलें; किती वेळां गेलीस, दुकानदार काय म्हणाला, नंतर काय झालें. झालें होतें एवढेंच कीं, तीन खेपा घालून ती रिकाम्या पिशवीनें घरीं आली होती आणि पुढच्या महिन्यांत गेलीच नव्हती. त्या महिन्याच्या हिशेबांत तिच्या नांवापुढें 'धान्य उचललें नाहीं' एवढेंच राहिलें असणार. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, जिला मिळालें नाहीं आणि जिला नको होतें, त्या दोघी या आंकड्यांत सारख्याच दिसतात. उद्यां कोणी म्हणेल, येथें धान्य शिल्लक राहतें, म्हणजे येथें गरज कमी आहे."

मंगळवेढ्यास बसून हें वाक्य ऐकणारास दामाजीपंतांची आठवण न होईल तर नवल. पंधराव्या शतकांत बेदरच्या बादशहाचे येथील अंमलदार म्हणून असलेल्या या पुरुषानें दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांस मोकळीं केलीं, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. विठ्ठल विठू महाराचें रूप घेऊन बेदरास गेला आणि धान्याची रक्कम भरून आला, हा तिचा भक्तीचा भाग. परंतु तिच्यांतील कारभाराचा भाग आमच्या ध्यानांत त्या दिवशीं प्रथमच आला. बेदरास मंगळवेढ्याविषयीं जें कळत होतें तें कोठारावरून. धान्य किती भरलें, किती निघालें. कोठार भरलेलें होतें तोंवर बेदरच्या हिशेबीं मंगळवेढ्यास सर्व क्षेम होतें. लोक उपाशी मरत होते ही खबर बेदरास नेणारी वाट त्या कारभारांत नव्हतीच. कोठार रितें झालें तेव्हां मात्र खबर तांतडीनें पोंचली, आणि ती अपराधाची म्हणून पोंचली. दामाजीपंतांचें मोठेपण असें कीं, त्यांनीं कोठाराकडे पाहून निर्णय केला नाहीं. दाराशीं उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून केला. मोजावयाची वस्तु त्यांनीं बदलली.

म्हातारीचें काम पुढें मार्गास लागलें. गांवांतील एका शिक्षकानें अर्ज लिहून दिला आणि नातवाच्या मोबाईलवर येणाऱ्या आंकड्यानें तिची ओळख पटविण्याची सोय झाली. पण तें होण्यास एक शिक्षक लागला. नकाशांत तो शिक्षक कोठेंच नव्हता.

रात्रीं आम्ही शेतांतच मुक्काम केला. त्या दिवसांत आमच्या बाजूस शेतीची वीज आळीपाळीनें, कांहीं दिवस रात्रींची येत असे. थंडीच्या रात्रीं दीड वाजतां उठून, साप-विंचवांच्या अंधारांतून जाऊन मोटार कोण सुरू करणार? म्हणून बहुतेकांनीं विहिरीवर 'ऑटो' नांवाची डबी बसविलेली असते. वीज आली कीं ती मोटार आपोआप सुरू करते. ही डबी काढून टाका असें वीज कंपनी वारंवार सांगते, आणि शेतकरी वारंवार बसवितात. त्यांना नांवें ठेवण्याचें धाडस ज्यानें तशा रात्रीं एकदां तरी पाणी धरलें असेल त्यानें करावें.

त्या रात्रीं वीज आली. शिवारांतून एकदम घरघर उठली, खोपटांतला दिवा लाल होऊन मिणमिणला, आणि ओढ्याकडच्या डीपीवर फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन सर्वत्र अंधार झाला. शेजारचा शेतकरी घोंगडी पांघरून बाहेर आला. कोणी तरी फ्यूज बांधला. पुन्हां घरघर, पुन्हां फटाका. तिसऱ्या खेपेस आमच्या मोटारींतून जळका वास आला.

शेजारी शांतपणें म्हणाला, "सर, लाईट आली की समद्यांच्या मोटारी एका दमात सुटत्यात. डीपी काय करंल बापडा? जरा मागंपुढं सुटल्या तर समद्यांला पानी मिळतंय. पर ज्याला त्याला वाटतंय, आपलीच आधी."

शास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर, मोटार सुरू होतांना नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. एक मोटार असेल तर तें क्षणभर खपतें. सगळ्या एकदम सुटल्या कीं दाब उतरतो. दाब उतरला कीं मोटारी वेग घेऊं शकत नाहींत आणि तसाच जबर प्रवाह ओढीत राहतात. मग दाब आणखी उतरतो. टाकींतल्या फुग्यासारखें हेंही वर्तुळच. मात्र टाकींत परत आलेली खबर फरक कमी करते, आणि येथें ती फरक वाढविते.

भाचा अंधारांत एकदम उठून बसला. "मामा, आमच्याकडे हेंच झालें! प्रत्येक मोबाईलमध्यें एक ऑटो आहे. उत्तर आलें नाहीं कीं तो पुन्हां मागतो, लगेच मागतो. दहा मिनिटें बंद राहिल्यावर आम्ही उभे राहिलों त्या क्षणीं सगळे एकदम सुटले. त्या पोरानें काय केलें असतें?"

दुसऱ्या दिवशीं जळालेली मोटार घेऊन आम्ही गांवांत रिवाइंडिंगच्या दुकानीं गेलों. दुकानदार चाळिशीच्या आंतबाहेरचा, हात काळे, मोटारीच्या पोटांतील तांब्याच्या तारा उकलीत बसलेला. त्यानें पाहतांच सांगितलें कीं, ऑटो ठेवावयाचाच असेल तर त्याच्या जोडीस टायमर बसवा. वीज आल्यावर तुमची मोटार अमुक सेकंदांनीं सुटेल, शेजाऱ्याची आणखी कांहीं सेकंदांनीं. सगळ्यांनीं सारखाच आंकडा लावला तर मात्र उपयोग नाहीं. प्रत्येकाचा वेगळा हवा.

भाच्यानें लगेच खिशांतून कागद काढला. त्याच्या शास्त्रांतही औषध हेंच आहे: उत्तर न आल्यास थांबून मागावें, दुसऱ्या खेपेस अधिक थांबावें, आणि प्रत्येकानें थोडें आपल्या मर्जीप्रमाणें कमीअधिक थांबावें. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत बर्कले येथें असाच प्रसंग आला होता. सुमारें चारशें यार्डांच्या अंतरावरील दोन ठिकाणांमधील संगणकांचें दळणवळण सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आलें. प्रत्येक संगणक हरवलेला मजकूर पुन्हां पुन्हां पाठवी, आणि त्या गर्दीनें आणखी मजकूर हरवे. व्हॅन जेकबसन या संशोधकानें तोड काढली ती १९८८ सालीं प्रसिद्ध झाली: आरंभ हळू करावा, आणि मजकूर हरवूं लागला कीं ती वाट तुंबल्याची खबर समजून आपण होऊन हात आंखडावा. हरवणें म्हणजे नुसतें नुकसान नव्हे, ती एक बातमी आहे, हें त्यानें ओळखलें. आज जगाचें दळणवळण याच धड्यावर उभें आहे.

दुकानाच्या बांकावर बसून भाच्यानें नकाशा पुन्हां काढला, या वेळीं वर्तुळें आधीं आणि चौकटी नंतर. वर्तुळ काढतांच दुसरा एक दोष उघडा पडला. त्यानें तो आम्हांस अंकगणितानें दाखविला. समजा, दहा यंत्रें आहेत आणि प्रत्येक यंत्र मिनिटास शंभर मागण्या पुरवितें. मागणी एकदम दीड हजार झाली. पांच यंत्रांची तूट दिसली, पांच मागविलीं. पण नवें यंत्र जागें होण्यास तीन मिनिटें लागतात. दुसऱ्या मिनिटास पाहावें तों तूट तशीच. आणखी पांच मागविलीं. तिसऱ्या मिनिटास आणखी पांच. मग सगळीं जागीं झालीं तेव्हां पंधराच्या जागीं पंचवीस! आतां दहा जादा दिसतात, म्हणून कमी करण्याचा सपाटा. आणि तोही उशिरानें पोंचलेल्या आंकड्यांवर. झोंका इकडून तिकडे जात राहतो. उपाय सोपा आहे: मागविलीं पण अजून आलीं नाहींत, तीं यंत्रें हिशेबांत धरावींत. उजनीहून भीमेंत पाणी सोडलें म्हणजे तें सोलापूरकडे पोंचण्यास कांहीं दिवस लागतात. दुसऱ्या दिवशीं बंधारा कोरडा पाहून जो दरवाजे आणखी उघडील, त्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. वाटेवरचें पाणी त्यानें मोजलें पाहिजे. परंतु नकाशावर उशीर लिहिलेलाच नसेल, तर वाटेवरचें पाणी मोजावें हें सुचावें कोणास? नवख्या मुलानें यंत्रें वेळेवर लाविलीं नाहींत हें खरें नव्हे. ज्या आंकड्यांवर तो विसंबला ते आंकडेच शिळे होते. भाच्यानें प्रत्येक वर्तुळाशेजारीं तीन प्रश्न लिहिले: खबर कशाची, किती उशिरानें, आणि ती मिळाल्यावर कोणाच्या हातांत काय आहे. पुण्यास गेल्यावर हाच कागद त्यानें वरिष्ठांपुढें ठेविला आणि मुलावरचा ठपका मागें घेण्यांत आला.

ही गोष्ट येथें संपती तर आम्हीं ती लिहिलीही नसती. मोटारीचे पैसे देऊन आम्ही उठलों तेव्हां दुकानदार हात पुसून म्हणाला, "सर, ओळखलं नाहीत ना? मी तुमच्या वर्गात होतो. सहाच महिने."

आम्हीं खरोखरच ओळखलें नव्हतें. वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. बोलतां बोलतां तो सहज सांगूं लागला. त्याच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. "तुम्ही तो गव्हर्नर शिकवला होता, सर. फिरणाऱ्या गोळ्यांचा. आकृती फार सुंदर काढलीत. तास संपताना तुम्ही विचारायचात, 'एनी डाउट्स?' सगळी गप्प. मग तुम्ही म्हणायचात, 'गुड.' मला तर इतक्या शंका होत्या की त्यातली एकही विचारता येईना. इंग्रजीत विचारायची कशी, हीच पहिली." मग कोपऱ्यांत उघडून ठेवलेल्या एका डिझेल इंजिनाकडे बोट करून तो हंसत म्हणाला, "गव्हर्नर मला इथं समजला. गोळे बाहेर गेले की डिझेल कमी. एवढंच होतं की हो ते!"

तो सहामाहीनंतर आला नाहीं तेव्हां आम्हीं हजेरीपटावर काय लिहिलें होतें, तें आम्हांस चांगलें ठाऊक आहे: 'गैरहजर'. कां गैरहजर, हें विचारण्यास आम्ही गेलों नाहीं. तसा रकानाच हजेरीपटांत नव्हता. म्हातारीच्या नांवापुढें 'धान्य उचललें नाहीं' असें ज्यानें लिहिलें त्याच्यावर आम्हीं आदल्या दिवशीं मनांतून रागावलों होतों. आतां तो राग कोठें ठेवावा, तें आम्हांस समजेना. तीस वर्षें आम्हीं वर्गांत प्रत्याभरण शिकविलें, आणि स्वतः मात्र वर्गाच्या गप्प बसण्यास समाधान समजत आलों. चाक फिरत होतें. गाडी कोठें रुतली आहे हें पाहण्यास आम्ही कधीं खालीं उतरलोंच नाहीं.

आमच्या मनांत आलेलें त्याच्यापुढें बोलून दाखविण्याचा आम्हीं प्रयत्न केला. त्यानें चहा मागविला आणि विषय बदलला. निरोप घेतांना एवढेंच म्हणाला, "आता विचारता ना सर, मराठीत?"

त्या वर्षापासून प्रत्येक तासाच्या शेवटचीं पांच मिनिटें आम्हीं मोकळीं ठेविलीं आहेत. मुलें एका चिठ्ठीवर, नांव न घालतां, ज्या भाषेंत सुचेल त्या भाषेंत, न समजलेली एक गोष्ट लिहितात. चिठ्ठ्या त्याच रात्रीं वाचावयाच्या आणि दुसऱ्या दिवशींच्या तासाचा आरंभ त्यांपासून करावयाचा, असा नेम आहे. पहिल्या दिवशींच्या चिठ्ठ्या वाचून आम्हांस रात्रीं झोंप लागली नाहीं. आमच्या ज्या आकृतीचा आम्हांस अभिमान होता, तिच्यांतील बाण कोणत्या दिशेचा, हेंच अर्ध्या वर्गास कळलें नव्हतें. वर्षअखेरचें छापील पत्रक अजूनही येतें, आणि त्यावरील आंकडा, खरें सांगावयाचें तर, पूर्वींपेक्षां किंचित् खालीं आला आहे. मुलें आतां अधिक खरें लिहूं लागलीं, अशी आम्ही स्वतःची समजूत घालतों. ती कितपत खरी, हें तपासण्यासाठीं तो कागद आतां खालच्या खणांत न ठेवतां मेजावर ठेवतों.

अजूनही रोज चार-दोन चिठ्ठ्या कोऱ्या येतात. कोरी चिठ्ठी सर्व समजलें म्हणून आली, कीं कांहींच समजलें नाहीं म्हणून, हें वरून ओळखतां येत नाहीं. म्हणून हल्लीं तास संपल्यावर आम्ही लगेच निघून जात नाहीं; दाराशीं थोडा वेळ उभे राहतों. कधीं कधीं एखादा मुलगा घुटमळतो.